कर्नल मॉड्यूल लिहायचंय? फी शून्य, पण हा हिशेब आधी करा

लिनक्सच्या कर्नलसाठी छोटं मॉड्यूल लिहायचं, चालू यंत्रणेत ते चढवायचं, त्याचं काम बघायचं आणि परत उतरवायचं, या सगळ्याला एक रुपयाही लागत नाही. नावनोंदणी नाही, फी नाही, कुणाची परवानगी नाही. सी भाषेची बऱ्यापैकी ओळख, आठ जीबी रॅमचा लॅपटॉप आणि एक मोकळा दिवस, एवढी शिदोरी पुरते. भुर्दंड बसतो तो वेगळ्याच ठिकाणी. रोजच्या वापराच्या मशीनवर प्रयोग केला तर मशीन अडकतं, न जपलेल्या फाइली जातात. जुनं पुस्तक धरून बसलात तर दोन-दोन दिवस वाया जातात. गरज नसताना घेतलेलं क्लाउड मशीन महिनाअखेरीस बिल पाठवतं. म्हणून कामाला हात घालण्याआधी पुढचा हिशेब वाचून घ्या.

मॉड्यूल खरंच हवं आहे का?

पहिली बचत इथेच होते. यूएसबीवर लावलेल्या साध्या उपकरणाशी बोलायचं असेल तर ‘लिबयूएसबी’ पुरते. रास्पबेरी पायच्या पिनेवर दिवा लावायचा असेल तर ‘लिबजीपीआयओडी’ आहे. स्वतःची फाइल सिस्टिम करून बघायची असेल तर ‘फ्यूज’ आहे. कर्नलच्या आत काय चाललंय ते फक्त बघायचं असेल तर ‘ईबीपीएफ’ आहे. तिथे तुमचा कोड आत जाण्याआधी कर्नल स्वतः तपासून घेतं. या चारही वाटांवर तुमच्या चुकीने सगळं मशीन कोसळण्याची भीती फार कमी.

मॉड्यूल तेव्हाच घ्या जेव्हा हार्डवेअरचे इंटरप्ट स्वतः हाताळायचे आहेत, कर्नलच्या एखाद्या उपयंत्रणेत नवा ड्रायव्हर बसवायचा आहे, किंवा कर्नल आतून शिकायचं आहे. शिकणं हे कारण पुरेसं आहे, ते मनात धरूनच पुढचं लिहिलं आहे.

लिनक्सच का, तर इतरत्र शिकण्याच्या पलीकडे गेलात की दाराशीच पैसे लागतात. विंडोजवर स्वतःपुरतं शिकायला चाचणी मोड आहे, पण नवा कर्नल ड्रायव्हर लोकांना द्यायचा तर मायक्रोसॉफ्टकडून सही करून घ्यावी लागते. त्यासाठी आधी ईव्ही सर्टिफिकेट विकत घ्यायचं. ते दरवर्षी काहीशे डॉलरचं प्रकरण आहे. मॅकवर डेव्हलपर खात्याचे वर्षाला 99 डॉलर, शिवाय कर्नल एक्स्टेन्शन हा प्रकारच ॲपलने 2019 पासून मोडीत काढायला घेतला आहे. लिनक्समध्ये दोन्ही भानगडी नाहीत.

कुठे करायचं

व्हर्च्युअल मशीनमध्ये. याला पर्याय शोधत बसू नका. मॉड्यूल कर्नलच्याच अधिकारात चालतं. साध्या प्रोग्राममध्ये पॉइंटर चुकला तर तो प्रोग्राम बंद पडतो. मॉड्यूलमध्ये चुकला तर अख्खं मशीन धोक्यात येतं. व्हर्च्युअल मशीन कोसळलं तर स्नॅपशॉटवर परत जायला मिनिटही लागत नाही.

विंडोजवर व्हर्च्युअलबॉक्स घ्या, लिनक्सवर व्हर्च्युअलबॉक्स किंवा केव्हीएम. दोन्ही फुकट. व्हर्च्युअलबॉक्सचा ‘एक्स्टेन्शन पॅक’ मात्र घेऊ नका. तो वैयक्तिक आणि शैक्षणिक वापरापुरताच मोफत आहे, कंपनीच्या लॅपटॉपवर टाकलात तर ओरॅकलचं लायसन्स विकत घ्यावं लागतं. आपल्या कामाला तो लागतच नाही. ॲपलच्या एम मालिकेतल्या मॅकवर ‘यूटीएम’ घ्या. ते ॲप स्टोअरवर पैसे देऊन मिळतं आणि त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावर फुकट; वस्तू तीच. मॅकवाल्यांनी लिनक्सची प्रतही एआरएम प्रोसेसरसाठीचीच उतरवायची, नेहमीची प्रत तिथे वापरण्याजोग्या वेगाने चालत नाही.

व्हर्च्युअल मशीन सुरूच होत नसेल तर लॅपटॉपच्या बायोसमध्ये जा. इंटेलवर ‘व्हीटी-एक्स’, एएमडीवर ‘एसव्हीएम’ बंद असेल. चालू करा. पाच मिनिटांचं काम आहे, त्यासाठी दुकानात मशीन नेऊन पैसे देऊ नका.

आता जिथे जायचं नाही ती ठिकाणं. विंडोजमधलं ‘डब्ल्यूएसएल 2’ हाताशी असतं, पण त्यातलं कर्नल मायक्रोसॉफ्टने बांधलेलं असतं आणि त्याचे हेडर नेहमीच्या पॅकेजमध्ये सापडत नाहीत. मॉड्यूलसाठी आधी तुम्हालाच ते कर्नल बांधावं लागतं. पहिल्या दिवशी हा व्याप नको. डॉकरच्या कंटेनरला स्वतःचं कर्नल नसतंच, तिथे चढवलेलं मॉड्यूल थेट यजमान मशीनवर जातं. स्वस्त व्हीपीएस घेताना हाच प्रश्न विचारा: हे पूर्ण व्हर्च्युअल मशीन आहे की कंटेनर? कंटेनर असेल तर मॉड्यूल चढवता येत नाही आणि भरलेले पैसे बुडाले समजा.

क्लाउडवरचं मशीन चालतं, पण तीन गोष्टी बघून घ्या. मोफत योजनेलाही बहुतेक ठिकाणी कार्ड द्यावं लागतं. मशीन बंद ठेवलं तरी डिस्कचं भाडं चालूच राहतं. काम संपल्यावर डिस्कसकट पुसून टाका. आणि कर्नल कोसळलं की तुमचं कनेक्शनही तुटतं, मग शेवटचा संदेश वाचायला कन्सोलची सोय आहे का, हे आधी तपासा.

काय लागतं, किती लागतं

व्हर्च्युअल मशीनला दोन कोअर, दोन जीबी रॅम, वीस जीबी डिस्क द्या. त्यात डेस्कटॉपशिवायचं डेबियन आरामात बसतं. डेबियनची ‘नेटइन्स्ट’ प्रत एक जीबीच्या आत आहे, उरलेलं ती बसवताना नेटवरून घेते. उबंटू डेस्कटॉपची प्रत पाच जीबीच्या वर जाते आणि चार जीबी रॅम मागते. दिवसाला दीड-दोन जीबीचा मोबाइल डेटा वापरत असाल तर डेबियनच घ्या, आणि ती प्रत एक दिवस आधी उतरवून ठेवा.

त्यानंतर तीन पॅकेज लागतात. पहिलं ‘बिल्ड-इसेन्शियल’, ज्यात कंपायलर आणि ‘मेक’ येतं. दुसरं ‘केमॉड’, जे बहुधा आधीच बसलेलं असतं. तिसरं कर्नलचे हेडर. हे तिसरं नीट बघून घ्या. ‘युनेम -आर’ ही आज्ञा चालवली की चालू कर्नलची पूर्ण आवृत्ती दिसते; हेडर नेमके त्याच आवृत्तीचे हवेत. म्हणून क्रम असा ठेवा: आधी यंत्रणा अद्ययावत करा, मग रिबूट करा, मग ‘युनेम -आर’ बघा, मग हेडर बसवा. रिबूट न करता हेडर घेतले तर ते नव्या कर्नलचे येतात आणि चालत असतं जुनं. फेडोरावर याच पॅकेजचं नाव ‘कर्नल-डेव्हेल’ आहे, क्रम तोच.

कर्नलचा पूर्ण सोर्स उतरवायची गरज नाही. दाबलेली प्रत दीडशे एमबीच्या आसपास, उलगडली की दीड जीबीच्या घरात, आणि नेहमीच्या सेटिंगने कंपाइल करायला घेतली तर वीस जीबी जागा आणि साध्या लॅपटॉपचे काही तास. पहिल्या मॉड्यूलला यातलं काहीच लागत नाही. एखाद्या पाठात पहिली पायरी ‘पूर्ण कर्नल बांधा’ अशी असेल तर तो पाठ बाजूला ठेवा.

वेळ किती

डेबियन बसवायला तासभर. अद्ययावत करून पॅकेज घ्यायला अर्धा तास, नेटच्या वेगावर अवलंबून. दोन फाइली लिहायला अर्धा तास. कंपाइल व्हायला काही सेकंद. चढवणं-उतरवणं दोन मिनिटं. राहिलेला दिवस अडचणींसाठी राखून ठेवा. त्या येतातच, आणि खालच्या यादीतून बऱ्याचशा सुटतात.

दोन फाइली

पहिली फाइल सी भाषेतली, समजा तिचं नाव ‘हॅलो’. तिच्यात पाच गोष्टी असतात. सगळ्यात वर लायसन्स सांगणारी ‘एसपीडीएक्स’ ओळ. त्याखाली ‘मॉड्यूल’, ‘इनिट’ आणि ‘कर्नल’ हे तीन हेडर. मग सुरू होतानाचं फंक्शन: ते ‘पीआर-इन्फो’ने एक ओळ छापतं आणि शून्य परत देतं. मग उतरतानाचं फंक्शन: तेही एक ओळ छापतं, परत काही देत नाही. शेवटी ‘मॉड्यूल-इनिट’, ‘मॉड्यूल-एक्झिट’ आणि ‘मॉड्यूल-लायसन्स’ या तीन नोंदी. पंधरा-वीस ओळींत काम होतं.

सुरुवातीच्या फंक्शनने शून्य दिलं तर मॉड्यूल चढतं. ऋण संख्या दिली तर कर्नल त्याला चढवून घेत नाही. मेमरी मिळाली नाही तर ‘ईनोमेम’ उणे चिन्हासह परत द्यायचं, अशी पद्धत आहे. मनाने आकडे टाकू नका.

छापायच्या मजकुराच्या शेवटी नव्या ओळीचं चिन्ह द्यायला विसरू नका. ते नसेल तर संदेश अडकून राहतो आणि पुढचा संदेश आल्यावर दिसतो. मॉड्यूल चढलंच नाही असं वाटून माणूस तासभर भलतीकडे शोधत राहतो.

कर्नलमध्ये नेहमीची सी लायब्ररी नसते, म्हणून ‘प्रिंटएफ’ नाही, ‘मॅलॉक’ नाही. दशांश चिन्हाचं गणित करू नका. स्टॅक छोटा असतो, 64 बिटच्या इंटेल-एएमडी मशीनवर 16 केबी. फंक्शनच्या आत मोठा ॲरे घेऊ नका, ‘केमॅलॉक’ने मेमरी मागा.

दुसरी फाइल ‘मेकफाइल’. नावातलं पहिलं अक्षर मोठंच हवं. लहान ठेवलं तर ‘मेक’ला ती सापडते, पण कर्नलच्या बांधणी यंत्रणेला सापडत नाही. पहिली ओळ ‘ओबीजे-एम’ला ‘हॅलो.ओ’ जोडते. मग ‘ऑल’ या लक्ष्याखाली एक आज्ञा: ‘मेक’ला मोठ्या ‘सी’ने सांगायचं की कर्नलच्या बांधणी फोल्डरमध्ये जा, आणि मोठ्या ‘एम’ने सांगायचं की माझी फाइल इथे आहे. ते बांधणी फोल्डर ‘लिब’मधल्या ‘मॉड्यूल्स’खाली, तुमच्या आवृत्तीच्या नावाने असतं.

इथे चार खड्डे आहेत. आज्ञेच्या आधी टॅब हवा, स्पेस चालत नाहीत; कॉपी-पेस्ट करताना नेमका तोच बदलतो. फोल्डरच्या नावात मोकळी जागा नको, ‘माझं मॉड्यूल’ असं नाव दिलं की बांधणी थांबते. चालू फोल्डरसाठी ‘पीडब्ल्यूडी’ऐवजी ‘कर-डिर’ वापरा, कारण ‘सुडो’ लावल्यावर पहिलं रिकामं होऊ शकतं. आणि मुळात ‘मेक’ला ‘सुडो’ लावूच नका. कंपाइल करायला विशेष अधिकार लागत नाहीत, ते फक्त चढवायला आणि उतरवायला लागतात.

चढवा, बघा, उतरवा

‘मेक’ चालवलं की ‘हॅलो.केओ’ तयार होते. चढवण्याआधी ‘मॉडइन्फो’ने तिची कुंडली बघा: लायसन्स, आवृत्ती, लागणारी इतर मॉड्यूल सगळं दिसतं. त्यातली ‘व्हरमॅजिक’ची ओळ ‘युनेम -आर’शी जुळते का, ते पहिल्यांदा तपासा. मग स्नॅपशॉट घ्या.

आता दोन टर्मिनल उघडा. एकात ‘सुडो डीमेसेज’ला ‘-डब्ल्यू’ लावून ठेवा, म्हणजे कर्नलचे संदेश येतील तसे दिसत राहतात. उबंटू आणि डेबियनवर त्याला ‘सुडो’ लागतो. दुसऱ्यात ‘सुडो इन्समॉड’ आणि फाइलचं नाव. पहिल्या टर्मिनलमध्ये तुमची ओळ उमटायला हवी. ‘एलएसमॉड’मध्ये नाव दिसतं. उतरवायला ‘सुडो आरएममॉड’ आणि मॉड्यूलचं नाव. चढवताना फाइल द्यायची, उतरवताना नाव. नावात आडवी रेघ असेल तर ती यादीत अंडरस्कोर होऊन दिसते.

तुमच्या ओळीच्या आधी दोन इशारे दिसतील: मॉड्यूल कर्नलच्या बाहेरचं आहे आणि त्यावर ओळखीची सही नाही, त्यामुळे कर्नलवर डाग पडला आहे. घाबरू नका. ‘प्रॉक’मधल्या ‘सिस’, त्यातल्या ‘कर्नल’खाली ‘टेंटेड’ फाइल वाचलीत तर 12288 दिसेल. बाहेरच्या मॉड्यूलचे 4096 आणि सही नसल्याचे 8192, त्यांची ती बेरीज. रिबूट केलं की पुन्हा शून्य. त्यात 128 मिळालेले दिसले तर मात्र काळजी करा. कुठेतरी कर्नलमध्ये ‘ऊप्स’, म्हणजे गंभीर चूक, झालेली आहे.

हे जमलं की लगेच एक पायरी पुढे जा आणि मॉड्यूलला पॅरामीटर द्या. चढवताना दिलेली किंमत ‘सिस’मधल्या ‘मॉड्यूल’ फोल्डरमध्ये फाइल म्हणून दिसते. तिचे अधिकार 0644 ठेवा. सगळ्यांना लिहू देणारं 0666 दिलं तर कंपाइलच होत नाही, आणि ते योग्यच आहे.

कागदपत्रं: लायसन्स आणि सही

लायसन्सची नोंद ऐच्छिक समजू नका. नव्या कर्नलवर ती नसेल तर बांधणीच अडते. तिथे ‘जीपीएल’ लिहा. ‘प्रोप्रायटरी’ लिहिलंत तर कर्नलची अनेक फंक्शन तुम्हाला बंद होतात, कारण ती फक्त जीपीएल मॉड्यूलसाठी खुली आहेत. नुसतं ‘एमआयटी’ लिहिलं तरी कर्नल ते बंदिस्तच धरतं. एमआयटी हवं असेल तर ‘ड्युअल एमआयटी/जीपीएल’ लिहावं लागतं.

जीपीएल लिहिलं म्हणजे कोड जगजाहीर करावा लागतो, ही भीती बाळगू नका. स्वतःपुरतं वापरलंत तर कुणाला काही देणं लागत नाही. तयार फाइल दुसऱ्याला दिलीत, विकलीत किंवा उपकरणात घालून पाठवलीत, की सोर्स द्यायची जबाबदारी येते. कंपनीसाठी लिहीत असाल तर हे आधी वरिष्ठांशी बोलून लेखी ठेवा.

दुसरं कागदपत्र सहीचं. व्हर्च्युअल मशीन बनवताना सिक्युअर बूट चालू केलं नसेल तर हा परिच्छेद सोडून द्या. खऱ्या लॅपटॉपवर ‘मोकयुटिल’ला ‘एसबी-स्टेट’ विचारा. सिक्युअर बूट चालू असेल तर उबंटू, फेडोरा, डेबियन यांवर सहीशिवाय मॉड्यूल चढत नाही. त्यासाठी ‘ओपनएसएसएल’ने किल्लीची जोडी बनवा, ‘मोकयुटिल’ने सार्वजनिक भाग नोंदवा, तात्पुरता पासवर्ड द्या, रिबूट करा. निळा पडदा येतो, तिथे ‘एनरोल मोक’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा. तो पडदा काही सेकंदच थांबतो. हुकला तर नोंदणी पुन्हा पहिल्यापासून. मग हेडरच्या ‘स्क्रिप्ट्स’ फोल्डरमधल्या ‘साइन-फाइल’ने सही करा. फी शून्य, वेळ अर्धा तास. प्रत्येक कंपाइलनंतर सही पुन्हा करावी लागते. खाजगी किल्ली कुणाला देऊ नका आणि सोर्सबरोबर चुकूनही अपलोड करू नका. ती ज्याच्या हाती, तो तुमच्या मशीनच्या कर्नलमध्ये काहीही घुसवू शकतो.

अडलं तर

‘इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट’: फाइल दुसऱ्या आवृत्तीसाठी बांधलेली आहे. ‘मेक क्लीन’, योग्य हेडर, पुन्हा ‘मेक’.

‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ किंवा ‘रिक्वायर्ड की नॉट अव्हेलेबल’: सिक्युअर बूट आडवं आलं आहे. वरची सही करा.

‘ऑपरेशन नॉट परमिटेड’: ‘सुडो’ राहिला, किंवा तुम्ही कंटेनरमध्ये आहात, किंवा कर्नल कुलूपबंद आहे.

‘अननोन सिम्बॉल’: तुम्ही वापरलेलं फंक्शन कर्नल बाहेर देत नाही, किंवा ज्या मॉड्यूलमध्ये ते आहे ते अजून चढलेलं नाही. नेमकं नाव ‘डीमेसेज’मध्ये असतं.

‘मॉड्यूल इज इन यूज’: कुणीतरी ते वापरतंय. ‘एलएसमॉड’मधला शेवटचा स्तंभ बघा, उघडी फाइल बंद करा. जबरदस्तीने उतरवू नका.

‘स्किपिंग बीटीएफ जनरेशन’: ही चूक नव्हे, नुसती सूचना आहे. पुढे चला.

छुपे खर्च

पहिला खर्च न परत केलेल्या गोष्टींचा. साधा प्रोग्राम संपला की त्याची मेमरी यंत्रणा काढून घेते. मॉड्यूलची मेमरी कुणी काढून घेत नाही. ‘केमॅलॉक’ने घेतलेली जागा ‘केफ्री’ने सोडली नाही तर ती रिबूटपर्यंत गेली. मेमरीपेक्षा नोंदण्या जास्त घातक. समजा तुम्ही सुरुवातीच्या फंक्शनमध्ये ‘प्रॉक’खाली एक फाइल तयार केलीत आणि उतरताना ती काढायला विसरलात. ‘आरएममॉड’ मुकाट्याने यशस्वी होतं. यादीतून नाव जातं. सगळं ठीक दिसतं. पण ती फाइल अजून तिथेच आहे, आणि तिने दाखवलेला पत्ता आता रिकामा आहे. नंतर कधीतरी कुणी ती वाचायला गेलं की कर्नल त्या पत्त्यावर उडी मारतं आणि ‘ऊप्स’ होतं. चूक सकाळची, स्फोट दुपारचा, म्हणून शोधायला सगळा दिवस जातो.

यावर एकच शिस्त पाळा. सुरुवातीच्या फंक्शनमध्ये जे जे घेतलं, ते उतरतानाच्या फंक्शनमध्ये उलट्या क्रमाने परत करा. सुरुवातीलाच तिसरी पायरी फसली तर पहिल्या दोन तिथल्या तिथे परत करून मगच चूक कळवा. कर्नलच्या कोडमध्ये यासाठी ‘गोटू’ वापरण्याची रूढ पद्धत आहे. कॉलेजात शिकवलेला ‘गोटू वाईट’ हा नियम इथे आड आणू नका.

दुसरा खर्च आवर्ती आहे आणि लोक तोच विसरतात. लिनक्स वापरकर्त्यांच्या प्रोग्रामशी जुनी वागणूक जपतं. मॉड्यूलसाठी तसं काही वचन देत नाही. फंक्शन बदलतात, काढली जातात. 2020 मध्ये 5.6 आवृत्तीत ‘प्रॉक’च्या फाइलींसाठी वेगळं ‘प्रॉक-ऑप्स’ आलं आणि जुनी मॉड्यूल कंपाइल व्हायची थांबली. त्याच वर्षी 5.7 मध्ये ‘कॉलसिम्स-लुकअप-नेम’ हे फंक्शन मॉड्यूलना मिळणं बंद झालं. 2023 मध्ये 6.4 आवृत्तीत ‘क्लास-क्रिएट’चा एक आर्ग्युमेंट गेला. म्हणजे कोड बरोबर असूनही दर एक-दोन वर्षांनी त्याला हात लावावा लागतो. गिऱ्हाइकासाठी मॉड्यूल लिहून देत असाल तर देखभालीची रक्कम पहिल्या कोटेशनमध्येच धरा. नंतर मागितली तर मिळत नाही.

शिवाय कर्नलच्या प्रत्येक अद्यतनानंतर पुन्हा कंपाइल आहेच. ते आपोआप व्हावं म्हणून ‘डीकेएमएस’ वापरा. फुकट आहे, एक छोटी सेटिंग फाइल लिहावी लागते. पण ते फक्त पुन्हा बांधतं. बदललेलं फंक्शन दुरुस्त करत नाही.

हे शॉर्टकट टाळा

मॉड्यूल चढावं म्हणून रोजच्या लॅपटॉपचं सिक्युअर बूट बंद करू नका. ते आपल्या कामासाठी व्हर्च्युअल मशीनमध्ये मुळातच नको असतं. विंडोजबरोबर दुहेरी बूट असेल आणि बिटलॉकर चालू असेल तर सेटिंग बदलल्यावर विंडोज रिकव्हरी की मागतं. ती जवळ नसेल तर नसती आफत.

‘इन्समॉड’ला किंवा ‘मॉडप्रोब’ला ‘फोर्स’ लावून आवृत्तीची तपासणी चुकवू नका. ती तपासणी तुमच्यासाठीच आहे.

न तपासलेलं मॉड्यूल बूट होताना आपोआप चढेल अशी सोय करू नका. ते कोसळलं तर मशीन दर वेळी तिथेच अडकतं. झालंच तर बूट मेन्यूत कर्नलच्या ओळीला ‘मॉड्यूल-ब्लॅकलिस्ट’ आणि मॉड्यूलचं नाव जोडा, मशीन उठेल.

दुसऱ्याची तयार ‘केओ’ फाइल चढवू नका. चढवलेल्या मॉड्यूलला मशीनवरचं काहीही वाचता येतं. सोर्स द्या म्हणावं, वाचून स्वतः बांधा.

पुस्तकं आणि क्लास

‘लिनक्स कर्नल मॉड्यूल प्रोग्रॅमिंग गाइड’ फुकट आहे आणि 5.x, 6.x कर्नलसाठी नव्याने लिहिलेलं आहे. सुरुवात तिथून करा. कॉर्बेट, रुबिनी आणि क्रोआ-हार्टमन यांचं ‘लिनक्स डिव्हाइस ड्रायव्हर्स’ समजूत पक्की करायला उत्तम आणि ओरायलीने ते मोफत खुलं केलं आहे. पण तिसरी आवृत्ती 2005 ची, 2.6.10 कर्नलवरची. कल्पना त्यातून घ्या, कोड तसाच उतरवू नका. लिनक्स फाउंडेशनचा ‘एलएफडी 103’ हा कर्नल विकासाचा प्राथमिक अभ्यासक्रमही विनामूल्य आहे. कर्नलची स्वतःची कागदपत्रं सोर्सबरोबरच येतात.

एवढं केल्यावरही क्लास लावायचा असेल, आणि पुण्यात एम्बेडेडच्या नोकरीसाठी अनेकजण लावतात, तर फी भरण्याआधी चार प्रश्न विचारा. कोणत्या कर्नल आवृत्तीवर शिकवता? उत्तर 2.6 किंवा 3.x आलं तर उठा. बोर्ड फीमध्ये आहे की वेगळा विकत घ्यायचा? माझा कोड कुणी ओळ न् ओळ वाचून सुधारणा सांगणार आहे का? मध्येच सोडलं तर किती पैसे परत? उत्तरं लेखी घ्या. नुसतं ‘हॅलो’ मॉड्यूल शिकवणारा क्लास पैशाला महाग आहे, ते तुम्ही एका दिवसात स्वतः करू शकता. इंटरप्ट, लॉकिंग, मेमरी मॅपिंग आणि खऱ्या हार्डवेअरवरचं काम असेल तर विचार करा.

एका दिवसाचा क्रम

आदल्या रात्री डेबियन उतरवा. सकाळी व्हर्च्युअल मशीन बनवा, बसवा, अद्ययावत करा, रिबूट करा. हेडर आणि बिल्ड-इसेन्शियल घ्या, स्नॅपशॉट काढा. दुपारपर्यंत ‘हॅलो’ चढवून-उतरवून बघा. दुपारी पॅरामीटर जोडा. संध्याकाळी ‘प्रॉक’खाली एक फाइल करा, वाचा, आणि उतरताना ती काढली जाते ना, ते स्वतः ‘एलएस’ लावून तपासा. मग मॉड्यूल सलग दहा वेळा चढवा आणि उतरवा; ‘डीमेसेज’मध्ये एकही तक्रार नको.

दिवसाचा जमाखर्च असा येतो: रोख शून्य, डेटा दोन-तीन जीबी, डिस्क वीस जीबी, एक सुट्टी. यापेक्षा जास्त खर्च कुणी सांगत असेल तर तो कशाचा, हे विचारल्याशिवाय खिशात हात घालू नका.